बेसोफिल शुद्ध मिळतात, पण आधीच पेटलेले असतात: दुर्मीळ पेशी वेगळ्या कशा काढता?

दवबिंदू:
मंडळी, नमस्कार. इथे प्रयोगशाळेत काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढते आहे. मी अ‍ॅलर्जी आणि दम्यावर पीएचडी करते. रक्तातले बेसोफिल वेगळे काढायचे, त्यांना अ‍ॅलर्जन द्यायचं आणि कोणाच्या पेशी किती जोरात प्रतिसाद देतात ते मोजायचं, असं कामाचं स्वरूप. बेसोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींत एक टक्क्याच्याही आत. त्यामुळे रक्त फायकोलवर (घनतेनुसार पेशींचे थर वेगळे करणारं द्रावण) फिरवायचं, मधला पांढरट थर उचलायचा, आयजीईच्या (अ‍ॅलर्जन ओळखणाऱ्या अँटीबॉडीच्या) रिसेप्टरवर बसणारी अँटीबॉडी लावलेल्या चुंबकी बीड्सनी बेसोफिल पकडायचे आणि शेवटी सॉर्टरवर (लेसरनं एकेक पेशी बघून निवडणारं मशीन) साफ करून घ्यायचे, ही आमच्याकडची पद्धत.

शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर येते. अडचण वेगळीच आहे. ज्या ट्यूबमध्ये काहीच घातलेलं नाही, नुसता बफर आहे, तिच्यातल्या पेशींवरही सीडी६३ भरपूर दिसतं. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: शांत बेसोफिलमध्ये सीडी६३ हे प्रथिन आतल्या कणिकांच्या आवरणात दडलेलं असतं. पेशी हिस्टामाइन बाहेर टाकते तेव्हा या कणिका पृष्ठभागाला येऊन मिळतात आणि सीडी६३ बाहेरून दिसायला लागतं. म्हणजे माझ्या पेशी अ‍ॅलर्जन मिळायच्या आधीच रिकाम्या झालेल्या असतात. मग अ‍ॅलर्जनचा परिणाम मोजायचा कुठून?

सॉर्टर चालवणारे म्हणतात, शुद्धता उत्तम आहे, आमचं काम झालं. माझ्या गाईडनाही ९५ चा आकडा पुरेसा वाटतो. मला नाही वाटत. तुमच्याकडे काय करता?

निळी_नळी:
दवबिंदू, आयजीईचा रिसेप्टर धरूनच पेशी ओढते आहेस ना, तिथेच घोळ आहे बघ. बेसोफिलला अ‍ॅलर्जन कळतं कसं? पृष्ठभागावर शेजारी शेजारी बसलेल्या आयजीई एकाच अ‍ॅलर्जनला चिकटल्या, त्यांचे रिसेप्टर एकमेकांजवळ खेचले गेले, की पेशी कणिका रिकाम्या करते. रिसेप्टर जवळ आणणारी वस्तू अ‍ॅलर्जन आहे की तुझी बीड, हे तिला कळायला मार्ग नाही.

निगेटिव्ह सिलेक्शन कर. बेसोफिलला हातच लावायचा नाही. टी, बी, एनके, मोनोसाइट, डेंड्रायटिक पेशी, राहिलेल्या तांबड्या पेशी, सगळ्यांना अँटीबॉडी लावायची, चुंबकानं त्यांना कॉलममध्ये धरून ठेवायचं आणि वाहून खाली येईल ते आपलं.

गेटकीपर:
+१. शुद्धता थोडी कमी येईल, ती येऊ दे. ८५ टक्के शांत पेशी मला ९८ टक्के चिडलेल्या पेशींपेक्षा कधीही चालतील.

शीतपेटी:
निळी_नळी म्हणतात ते खरं आहे, पण लगेच पद्धत बदलायला जाऊ नका. कारण एकच असेल असं गृहीत धरलंत तर दुसरं कारण नव्या पद्धतीतही तुमच्याबरोबर येईल. आयुष्यभर फ्लो लॅबमध्ये (लेसरसमोरून एकेक पेशी नेऊन मोजतात तिथे) काम केलंय, त्यावरून सांगतो.

दवबिंदूताई, एकाच रक्ताचे छोटे नमुने प्रत्येक पायरीनंतर बाजूला काढा: नळीत रक्त आल्याआल्या, फायकोलनंतर, बीड्सनंतर आणि सॉर्टरनंतर. प्रत्येकावर सीडी६३ बघा. आणि सोबत सीडी४१ लावाच.

सीडी४१ कशासाठी? प्लेटलेटसाठी. रक्त काढताना, फिरवताना प्लेटलेट चटकन जाग्या होतात, जाग्या झाल्या की त्यांच्या अंगावरही सीडी६३ येतं, आणि त्या पांढऱ्या पेशींना जाऊन चिकटतात. मशीनला बेसोफिल आणि त्याला चिकटलेली प्लेटलेट हे दोन वेगळे दिसत नाहीत. लेसरसमोरून ती जोडी एकच पेशी म्हणून जाते. तुम्ही म्हणता बेसोफिल पेटला. प्रत्यक्षात तो शांत असतो आणि खूण प्लेटलेटची असते. सीडी६३ आणि सीडी४१ दोन्ही एकत्र वर गेलेले दिसले तर आधी प्लेटलेटवर संशय घ्या.

प्लेटलेट काढायला युक्ती लागत नाही, सबुरी लागते. फायकोलचा थर उचलल्यावर पहिली धुलाई नेहमीच्या वेगानं करा, पुढच्या हळू, साधारण १२० ते २०० जी, दहा मिनिटं, ब्रेक बंद. पांढऱ्या पेशी खाली बसतात, प्लेटलेट वर तरंगत राहतात. नळी उजेडासमोर धरा: वरचं द्रव धुरकट दिसतं. तो सगळा धुरकटपणा म्हणजे प्लेटलेट. ते अलगद ओढून टाका, तळाला बसलेल्या पेशींच्या पेलेटला धक्का लावू नका, पुन्हा धुवा. वरचं द्रव नितळ होईपर्यंत पुढच्या पायरीला जाऊ नका. बफरमध्ये २ मिलीमोलर ईडीटीए ठेवा, चिकटलेल्या बऱ्याचशा प्लेटलेट त्यानं सुटतात.

आता ईडीटीएची दुसरी बाजू. तो कॅल्शियम बांधून ठेवतो आणि कॅल्शियमशिवाय बेसोफिल कणिका सोडूच शकत नाही. वेगळं काढताना हे आपल्या फायद्याचं. पण अ‍ॅलर्जन देताना बफरमध्ये कॅल्शियम परत आलं नाही तर कितीही अ‍ॅलर्जिक माणसाच्या पेशी ढिम्म बसतील.

दवबिंदू:
शीतपेटी सर, मनापासून आभार. सीडी४१ फ्रीजमध्ये आहे. चारही पायऱ्यांचे नमुने काढून इथेच कळवते.

तिसरा_डोळा:
मी जरा उलटं विचारतो. बेसोफिल वेगळे काढायचेच कशाला? बेसोफिल अ‍ॅक्टिव्हेशन टेस्ट तर संपूर्ण रक्तातच होते. हेपारिनची नळी, थोडं रक्त, त्यात अ‍ॅलर्जन, ३७ अंशाला थोडा वेळ, मग थंड करून रंगवायचं, तांबड्या पेशी फोडायच्या आणि मशीनवर बघायचं. सीडी१२३ आहे पण एचएलए-डीआर नाही, किंवा सीडी२०३सी आहे, अशा खुणांच्या पेशी गेटमध्ये (मशीनच्या पडद्यावर आखलेल्या निवडीच्या चौकटीत) घेतल्या की बेसोफिल मिळाले. एकही बीड नाही, सॉर्टर नाही. पेशी तिच्या स्वतःच्या प्लाझ्मात, शेजाऱ्यांसोबत असते. दम्याच्या रुग्णाच्या शरीरात ती तशीच असते ना?

मला तर वाटतं, आपण वेगळं काढण्याच्या कौशल्याच्या इतके प्रेमात पडतो की प्रश्नाला त्याची गरज आहे का हे विचारायचं राहून जातं.

निळी_नळी:
प्रश्न कोणता त्यावर ते ठरेल. पेशी चिडते का एवढंच बघायचं असेल तर संपूर्ण रक्त उत्तम, वादच नाही. पण तिनं इंटरल्युकिन-४ (इतर पेशींना निरोप देणारा रेणू) किती सोडलं हे बघायचं झालं तर त्या रक्तात टी पेशीही आहेत आणि त्याही तेच सोडतात. कोणी सोडलं ते कसं सांगणार? बेसोफिलमधला आरएनए वाचायचा असेल तरीही वेगळं काढण्यावाचून गत्यंतर नाही. एक टक्क्याच्या पेशीचा आवाज बाकीच्या ९९ टक्क्यांत बुडून जातो.

तिसरा_डोळा:
मान्य. मग दवबिंदूनं आधी हे ठरवावं की तिला दोन्हींपैकी काय हवंय. आणि वेगळे काढले तरी त्याच माणसाचं संपूर्ण रक्त शेजारी ठेवावंच. दोन्हींत एकच माणूस वेगवेगळा वागला तर फरक आपल्या हाताळणीचा.

आणखी एक. दर दहा माणसांत एखाद-दोन जण असे निघतात, ज्यांचे बेसोफिल आयजीईच्या वाटेनं कितीही डिवचले तरी प्रतिसादच देत नाहीत. त्यांच्यात रिसेप्टरपासून आत निरोप नेणारं सिक नावाचं एंझाइम फारच कमी असतं. दुसऱ्या वाटेनं, म्हणजे एफएमएलपी (जिवाणूंच्या प्रथिनांच्या तुकड्यासारखा छोटा रेणू) देऊन, त्याच पेशी व्यवस्थित कणिका सोडतात. म्हणून अँटी-आयजीई (आयजीईला चिकटून रिसेप्टर जवळ आणणारी अँटीबॉडी) आणि एफएमएलपी असे दोन्ही कंट्रोल ठेव. नाहीतर असा माणूस 'अ‍ॅलर्जी नाही'च्या रकान्यात जाऊन बसेल.

कावेरीकाठ:
मी या क्षेत्रातली नाही. माझ्या मुलीला दमा आहे आणि तिच्या डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी रक्त द्याल का म्हणून विचारलंय. तुमचा धागा वाचून दोन गोष्टी मनात आल्या. एक, एवढ्या थोड्या पेशींसाठी मुलांचं किती रक्त घेतात? दोन, यातून पुढे औषधापर्यंत खरंच काही पोचतं का? कोणाला दुखवायचं नाही, आई म्हणून विचारते आहे.

गेटकीपर:
कावेरीकाठताई, दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि होकार देण्याआधी ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

लहान मुलांकडून वजनाच्या प्रमाणात किती रक्त घ्यायचं याची मर्यादा एथिक्स कमिटी ठरवते. संमतीपत्रात ते प्रमाण लिहिलेलं असायलाच हवं, नसेल तर विचारा. उरलेल्या रक्ताचं आणि पेशींचं काय करणार, कधीही माघार घेता येते का, हेही विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एका औषधाची हकिकत सांगतो. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जगतात आणि वाढतात त्या मुख्यतः इंटरल्युकिन-५ या रेणूवर. तो रेणू अडवणारी मेपोलिझुमॅब ही अँटीबॉडी तयार झाली, पण दम्याच्या सरसकट रुग्णांना दिली तेव्हा लक्षणांत म्हणावा तसा फरक पडेना. औषध बाजूला पडण्याच्या बेतात होतं. मग २००९ साली दोन छोट्या अभ्यासांत रुग्ण निवडून घेतले: ज्यांच्या थुंकीत स्टेरॉइड घेऊनही इओसिनोफिल टिकून आहेत असेच. त्यांच्यात दम्याचे तीव्र झटके स्पष्ट कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला तीव्र इओसिनोफिलिक दम्यासाठी मान्यता मिळाली. सगळ्या रुग्णांना दमा हे एकच नाव होतं. कोणाच्या दम्यात कुठली पेशी आहे हे बघितल्यावर औषध लागू पडलं.

कावेरीकाठ:
फार छान समजावलंत. संमतीपत्र पुन्हा नीट वाचते आणि हे प्रश्न घेऊनच जाते.

कणाद:
इओसिनोफिलचा विषय निघालाच आहे तर माझाही अनुभव मांडतो, कारण त्यांच्या बाबतीत वेगळं काढण्याची पद्धतच उत्तर बदलून टाकते.

नेहमीची रीत अशी: १.०७७ घनतेच्या फायकोलवर इओसिनोफिल आणि न्यूट्रोफिल दोघेही जड म्हणून तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात. तांबड्या पेशी फोडायच्या, न्यूट्रोफिलवर सीडी१६ असतं आणि शांत इओसिनोफिलवर ते जवळजवळ नसतं, म्हणून सीडी१६ च्या बीड्सनी न्यूट्रोफिल काढून टाकायचे. उरतात ते इओसिनोफिल, कोणी हात न लावलेले. सुंदर पद्धत आहे, निरोगी माणसात झकास चालते.

दम्याच्या रुग्णात मात्र काही इओसिनोफिल हलके झालेले असतात. सक्रिय झालेल्या पेशींची घनता घटते, त्या तळाला न जाता मधल्या थरात अडकतात, आणि तो थर आपण इथे फेकून देतो. म्हणजे आजाराशी ज्यांचा सर्वांत जवळचा संबंध असण्याची शक्यता, त्याच पेशी कचऱ्यात. आणि वरून, तळाला उरलेल्यांची तुलना निरोगी माणसाशी करून म्हणायचं की फार फरक नाही! हे मला फार खुपतं. म्हणून आमच्याकडे आता मधल्या थरातही इओसिनोफिल मोजतो आणि किती टक्के तिकडे गेले ते लिहून ठेवतो. फेकण्याआधी प्रत्येक थर एकदा मशीनवर बघावा, असं माझं ठाम मत आहे.

पाऊसवेडी:
कणाद, आम्ही इओसिनोफिलमधून आरएनए काढतो तर हाती काही लागतच नाही. पेशी जिवंत, संख्या भरपूर, तरी आरएनए तुकडे तुकडे झालेला.

कणाद:
त्याचं कारण पेशीच्या पोटातच आहे. इओसिनोफिलच्या कणिकांत जी मुख्य प्रथिनं असतात त्यातली दोन, ईडीएन आणि ईसीपी, म्हणजे आरएनेज २ आणि आरएनेज ३. आरएनए कापणारी एंझाइम पेशी स्वतःच बाळगून असते. साध्या बफरमध्ये पेशी फुटली की कणिका मोकळ्या होतात आणि आरएनए गेला. म्हणून पेलेट कोरडा करून थेट ग्वानिडिनच्या लायसिस बफरमध्ये (तो पेशी फोडतानाच एंझाइम निकामी करतो), एका झटक्यात. एकेका पेशीचा आरएनए वाचणाऱ्या पद्धतींत इओसिनोफिल कमी दिसतात त्यामागेही हे एक कारण आहे. मुळात त्यांच्यात आरएनए कमी, त्यात हा घरचाच शत्रू. तशा माहितीत इओसिनोफिल नाहीत म्हणजे ऊतीत नाहीत, असा निष्कर्ष काढू नये.

गेटकीपर:
आता माझ्या आवडीच्या पेशीबद्दल लिहितो, आयएलसी२. बेसोफिल दुर्मीळ वाटत असतील तर हे बघा.

या पेशी लिम्फोसाइटसारख्या दिसतात पण त्यांना टी पेशींसारखा अँटीजेन ओळखणारा रिसेप्टर नाही. श्वासमार्गाच्या अस्तराला इजा झाली की अस्तरातून इंटरल्युकिन-३३, इंटरल्युकिन-२५ आणि टीएसएलपी सुटतात; आयएलसी२ त्यावर जाग्या होतात आणि इंटरल्युकिन-५ आणि १३ चा मारा करतात. पाचमुळे इओसिनोफिल वाढतात, तेरामुळे चिकट कफ आणि श्वासनळीचं आकसणं. २०१० साली उंदरांत त्यांचं वर्णन झालं, पुढच्याच वर्षी माणसात. इतक्या महत्त्वाच्या पेशी इतकी वर्षं दिसल्या नाहीत याचं एक कारण म्हणजे त्या आहेतच मूठभर. रक्तातल्या दहा हजार लिम्फोसाइटमध्ये एक ते दहा.

गणित करू. समजा एक कोटी पेशी घेतल्या आणि त्यांत दहा हजारांत एक या हिशेबानं १,००० खऱ्या आयएलसी२ आहेत. रंगवण्यातली चूक फक्त ०.१ टक्का धरू, म्हणजे हजारातली एक भलती पेशी चुकून गेटमध्ये येते. ०.१ टक्का ही फार चांगली कामगिरी. तरी एक कोटीवर त्या झाल्या १०,०००. गेटमध्ये खऱ्या १,०००, खोट्या १०,०००. पडद्यावर ठिपक्यांचा छान गोल पुंजका दिसेल आणि त्यातले दहापैकी नऊ ठिपके भलत्यांचे असतील.

आता आधी चुंबकानं टी, बी, मोनोसाइट वगैरे काढून टाका, एक लाख पेशी उरल्या असं धरा. खऱ्या अजूनही साधारण १,००० (थोड्या हरवतात, ते सोडू). ०.१ टक्क्यानं खोट्या फक्त १०० च्या आसपास. तेच मशीन, तेच रंग, तोच माणूस. शुद्धता ९ वरून ९० टक्क्यांवर. दुर्मीळ पेशींत आधी गर्दी कमी करणं हा निम्म्याहून जास्त विजय आहे. वेळही वाचतो. सेकंदाला १०,००० पेशींच्या वेगानं दहा कोटी पेशी सॉर्ट करायला पावणेतीन तास लागतात, आणि तेवढ्यात बर्फावरच्या पेशीही थकतात.

पाऊसवेडी:
खोट्या कोण असतात बहुतेक?

गेटकीपर:
मेलेल्या पेशी, त्यांना कुठलीही अँटीबॉडी चिकटते. म्हणून जिवंत-मृत ओळखणारा रंग सक्तीचा. दुसऱ्या, चिकटलेल्या जोड्या. आणि आयएलसी२ च्या बाबतीत खास म्हणजे बेसोफिल! आयएलसी२ ओळखायला आपण सीआरटीएच२ वापरतो, ते बेसोफिलवरही असतं, इओसिनोफिलवरही, टीएच२ पेशींवरही. नको असलेल्यांच्या यादीत सीडी३ सोबत सीडी१२३ आणि आयजीईचा रिसेप्टर नसेल तर आयएलसी२ च्या नावाखाली बेसोफिलच मोजले जातात. सीडी१२७ ची जोड द्या, ते आयएलसी२ वर असतं.

दवबिंदू:
चार पायऱ्यांचे नमुने झाले. नळीतल्या रक्तात सीडी६३ जवळजवळ नाही. फायकोलनंतर वर गेलं, पण ते सगळं सीडी४१ सोबत, म्हणजे प्लेटलेट. बीड्सनंतर मात्र सीडी४१ नसलेल्या पेशींवरही सीडी६३ चढलं, आणि सीडी२०३सी सुद्धा (पेशी चिडली की तेही वाढतं). सॉर्टरनं त्यात विशेष भर घातली नाही. म्हणजे शीतपेटी सर आणि निळी_नळी दोघांचंही बरोबर निघालं. गाईडना ग्राफ दाखवले. त्यांनी लगेच निगेटिव्ह सिलेक्शनला होकार दिला. अ‍ॅलर्जनचा प्रतिसाद मी संपूर्ण रक्तातच मोजणार आणि आरएनएपुरतेच बेसोफिल वेगळे काढणार.

शीतपेटी:
छान काम. ग्राफ जपून ठेवा, शोधनिबंधात पद्धतीच्या भागात हे द्यायलाच हवं. सॉर्टरसाठी एक सुचवतो: ७० मायक्रॉनच्या नोझलऐवजी १०० चं घ्या, दाब ७० वरून २० पीएसआयवर येतो, पेशींना धक्का कमी बसतो. वेग घटेल, पण आधी गर्दी कमी केलेली असल्यानं परवडेल. गोळा करायच्या ट्यूबला आतून सीरम लावून ठेवा, नाहीतर थेंब प्लास्टिकवर सुकतो. आणि आरएनएसाठी हेपारिनचं रक्त वापरणार असाल तर पेशी नीट धुवा, हेपारिन उरलं की पीसीआर बंद पाडतं.

तिसरा_डोळा:
रक्त देणाऱ्यांच्या फॉर्मवर औषधांचा रकाना आहे ना? तोंडानं स्टेरॉइड घेतलं असेल तर इओसिनोफिल काही तासांत खाली येतात. ओमालिझुमॅब (आयजीई अडवणारं औषध) चालू असेल तर मोकळी आयजीई घटते आणि बेसोफिलवरचे तिचे रिसेप्टरही कमी होतात, मग त्या रिसेप्टरवरचा गेट फिका पडतो. बेनरालिझुमॅब (इओसिनोफिल संपवणारं औषध) चालू असेल तर इओसिनोफिल आणि बेसोफिल दोन्ही रक्तातून जवळजवळ नाहीसे होतात. रक्त किती वाजता काढलं तेही लिही. इओसिनोफिल रात्री जास्त आणि सकाळी कमी असतात.

दवबिंदू:
स्टेरॉइडचा रकाना आहे, बायोलॉजिकचा, म्हणजे ओमालिझुमॅबसारख्या अँटीबॉडी औषधांचा, नाही. आजच घालून घेते. वेळेचाही.

सावलीतलं_झाड:
उशिरा आलो, तरी विचारतो. मास्ट पेशींचं (अ‍ॅलर्जीत हिस्टामाइन सोडणाऱ्या, ऊतीत राहणाऱ्या पेशी) कोणी करतं का? रक्तात तर मिळत नाहीत.

निळी_नळी:
रक्तात फक्त त्यांच्या पूर्वज पेशी फिरतात, पक्व होतात त्या ऊतीत जाऊनच. दोन वाटा आहेत. शस्त्रक्रियेतून मिळालेला फुप्फुसाचा किंवा त्वचेचा तुकडा बारीक करून कोलॅजनेजनं सोडवायचा आणि मास्ट पेशींवरच्या सीडी११७ या खुणेवरून पेशी निवडायच्या. यात एंझाइम पृष्ठभागावरची काही प्रथिनंही कापतं, त्यामुळे तुम्हाला हवी असलेली खूण आहे का पुसली गेली, हे आधी तपासा: रक्तातल्या पेशींवर तेच एंझाइम तेवढाच वेळ चालवून बघायचं. दुसरी वाट म्हणजे सीडी३४ असलेल्या मूळ पेशी एससीएफ हा वाढीचा रेणू घालून कित्येक आठवडे वाढवायच्या. संख्या भरपूर मिळते, पण त्या फुप्फुसात वाढलेल्या नाहीत हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढायचा. तुमच्याकडे ऊतीचा तुकडा मिळायची सोय आहे का? असेल तर नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.